छापून न आलेली पानं

विद्यार्थ्याच्या शोधनिबंधाच्या पहिल्या मसुद्याचा पहिला परिच्छेद मी हल्ली वाचत नाही. त्यावरून नजर फिरवते आणि दुसऱ्यापासून सुरुवात करते. पहिल्यात काय असणार हे ठाऊक असतं. मानवी जीवनात शिक्षणाला अनन्यसाधारण महत्त्व आहे. आजच्या धकाधकीच्या युगात ताणतणाव ही एक गंभीर समस्या बनली आहे. पाणी म्हणजे जीवन. विषय मातीतल्या जिवाणूंचा असो की बुडीत कर्जांचा, गाडी सुटते ती सृष्टीच्या आरंभापासूनच. लिहिणारा विद्यार्थी मात्र हुशार असतो. त्याने रात्र रात्र जागून काम केलेलं असतं, आकडे चोख असतात. समोर बसवून विचारलं की नेमकं काय सापडलं हे दोन मिनिटांत, हातवारे करत, सांगतो. तेच लिहायला बसला की त्याच्या अंगात दुसरंच कुणीतरी संचारतं.

त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. त्याने आजवर जे पेपर, म्हणजे शोधनिबंध, वाचले ते सगळे छापून आलेले होते. खोडलेली ओळ, फेकून दिलेला तक्ता, तीनदा बदललेलं शीर्षक, संपादकाचं कोरडं पत्र, परीक्षकाने (छापण्याआधी निबंध तपासणाऱ्या तज्ज्ञाने) काढलेले वाभाडे, यातलं काहीही त्याच्यापर्यंत पोचलेलं नसतं. त्याला दिसतो फक्त शेवटचा गुळगुळीत मजकूर. मग तो त्या मजकुराचा आवाज उचलतो. भारदस्त शब्द, लांबलचक वाक्यं, कर्ता गायब, ‘असे निदर्शनास आले आहे’. आवाज हुबेहूब जमतो आणि आत सांगण्यासारखं जे होतं ते हरवून जातं.

ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ पीटर मेडावर यांनी १९६३ मध्ये बीबीसी रेडिओवरच्या एका भाषणात थेट विचारलं होतं की शास्त्रीय शोधनिबंध ही एक फसवणूक तर नाही? त्यांना १९६० चं नोबेल मिळालेलं होतं, त्यामुळे हे कुणा नाकारलेल्या लेखकाचं चिडणं नव्हतं. निबंधातली माहिती खोटी असते असं त्यांना म्हणायचं नव्हतं. त्यांचा आक्षेप होता निबंधाच्या घडणीवर. आधी निरीक्षणं, मग त्यातून आपोआप उगवलेले निष्कर्ष, असा जो क्रम कागदावर दिसतो त्या क्रमाने प्रत्यक्षात कुणी विचार करत नाही. खरं तर आधी काहीतरी अंदाज असतो, तो चुकतो, मग दुसरा सुचतो, मग त्याच्यासाठी प्रयोग होतो. छापताना ही सगळी धडपड पुसली जाते.

ती पुसावी लागते, हेही खरं. वाचणाऱ्याला आपल्या भटकंतीची डायरी नको असते. प्रस्तावना, पद्धती, निष्कर्ष, चर्चा हा साचा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगभर पक्का झाला तो याच सोयीसाठी. घाईत असलेल्या वाचकाला कुठलं पान उघडायचं ते कळावं. मार्च १६६५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे सचिव हेन्री ओल्डेनबर्ग यांनी ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ हे नियतकालिक सुरू केलं, तेव्हा त्यातले बरेचसे लेख म्हणजे पत्रं होती. अमक्याने तमक्याला लिहिलं की मी गुरूवर एक ठिपका पाहिला. त्यात लिहिणारा माणूस दिसायचा, त्याची शंकाही दिसायची. साडेतीनशे वर्षांत माणूस मागे गेला आणि साचा पुढे आला. तक्रार साच्याबद्दल नाहीच. आपण विद्यार्थ्याला फक्त साचा दाखवतो आणि म्हणतो, आता लिही, ही तक्रार आहे.

कार्यशाळांमधून जे शिकवलं जातं त्यातलं बहुतेक या साच्याबद्दलचंच असतं. गोषवारा इतक्या शब्दांत, संदर्भ या पद्धतीने, आकृतीखालचा मजकूर असा. हे सगळं लागतं, पण ते कुठल्याही जर्नलच्या, म्हणजे संशोधन नियतकालिकाच्या, लेखकांसाठीच्या सूचनांमध्ये लिहिलेलंच असतं आणि संदर्भांचं काम झोटेरोसारखं मोफत सॉफ्टवेअर निमूटपणे करतं. त्यावर अख्खा दिवस घालवण्याची गरज नाही.

वेळ घालवायचा तो प्रस्तावनेवर. भाषेचे अभ्यासक जॉन स्वेल्स यांनी बऱ्याच प्रस्तावना तपासून एक नकाशा मांडला, त्याचं १९९० मधलं रूप आजही शिकवलं जातं. आधी प्रांत सांगायचा, मग त्या प्रांतात मोकळी राहिलेली जागा दाखवायची, मग तिथे आपण उभं राहायचं. विद्यार्थ्यांना हा नकाशा पटकन कळतो. अडचण होते ती दुसऱ्या पायरीवर. तिथे एक ठरलेलं वाक्य येतं: ‘या विषयावर अद्याप पुरेसे संशोधन झालेले नाही.’ हे वाक्य दिसलं की मी समासात लिहिते, ‘बरं, मग?’ जगात संशोधन न झालेल्या गोष्टी अगणित आहेत. माझ्या टेबलावरच्या पेनांच्या टोपणांवरही कुणी संशोधन केलेलं नाही. जागा मोकळी आहे एवढ्याने तिथे बांधकाम करण्याचं कारण मिळत नाही. ती मोकळी असल्यामुळे कुणाचं काय अडलंय, हे सांगता आलं पाहिजे. दोन अभ्यास परस्परविरोधी उत्तरं देतायत आणि भांडण कशावरून आहे ते कळत नाही, हे कारण झालं. सगळे जण एक मोजमाप वापरतात आणि ते मोजमापच या प्रकारच्या लोकांना लागू पडतं की नाही हे कुणी तपासलेलं नाही, हेही कारण झालं. ही वाक्यं लिहायची तर आधीचे पेपर खरोखर वाचावे लागतात, एकमेकांशेजारी ठेवून. ‘अमुक यांनी २०११ मध्ये असे म्हटले, तमुक यांनी २०१४ मध्ये तसे म्हटले’ अशी मिरवणूक काढून भागत नाही.

म्हणून मी प्रस्तावना आधी लिहूच देत नाही. आधी तक्ते आणि आकृत्या. त्या टेबलावर पसरायच्या, कुठल्या राहणार आणि कुठल्या जाणार ते ठरवायचं. मग पद्धती, कारण तिथे जे केलं तेच सांगायचं असतं, सुचण्याची वाट पाहावी लागत नाही. मग निष्कर्ष. मग चर्चा. प्रस्तावना शेवटाकडे, आणि गोषवारा व शीर्षक अगदी शेवटी. हा क्रम माझा शोध नाही, लिहून लिहून सरावलेली बरीच माणसं असंच करतात. फक्त छापलेल्या पेपरात प्रस्तावना वर असते, म्हणून विद्यार्थ्याला वाटतं की ती आधी लिहायची असते. छापलेलं पान दिशाभूल करतं ते असं, अगदी साध्या गोष्टीतही.

आता दाव्याबद्दल. इथे मला जरा रेंगाळायचंय.

समजा, एका विद्यार्थ्याने दोनशे महाविद्यालयीन मुलांना एक प्रश्नावली भरायला दिली. तुम्ही रोज मोबाइलवर किती तास घालवता, आणि अभ्यासात लक्ष लागतं का. जास्त तास सांगणाऱ्यांनी ‘लक्ष लागत नाही’ हेही जास्त वेळा सांगितलं. आकडेवारी नीट केली, संबंध ठळक निघाला. विद्यार्थी लिहितो: ‘मोबाइलच्या अतिवापरामुळे तरुणांची एकाग्रता कमी होते हे या संशोधनातून सिद्ध झाले आहे.’

या एका वाक्यात किती वाकडं आहे ते पाहण्यात तास सहज जातो, आणि तो तास सत्कारणी लागतो. ‘सिद्ध झाले’ म्हणजे काय? एका प्रश्नावलीने? ‘तरुणांची’ म्हणजे कुणाची? दोनशे मुलं होती, तीही एकाच ठिकाणची, आणि फॉर्म भरायला राजी झालेली. ‘एकाग्रता’ मोजलीच नाही. स्वतःच्या एकाग्रतेबद्दल त्यांना काय वाटतं ते विचारलं. ‘अतिवापर’सुद्धा मोजला नाही, त्यांनी अंदाजाने सांगितलेले तास घेतले. आणि सगळ्यात मोठा घोळ ‘मुळे’ या प्रत्ययात. अभ्यासात लक्ष लागत नाही म्हणून मुलं मोबाइल उघडतात, असं उलटंही असू शकतं. झोप कमी झाल्यामुळे दोन्ही होत असेल. एकाच वेळी भरून घेतलेल्या प्रश्नावलीतून यातलं कुठलं खरं हे कळायला मार्ग नाही.

मग वाक्य उरतं ते असं: ‘या अभ्यासात सहभागी झालेल्या दोनशे विद्यार्थ्यांपैकी, मोबाइलवर अधिक तास घालवत असल्याचे सांगणाऱ्यांनी अभ्यासात लक्ष लागत नसल्याचेही अधिक प्रमाणात सांगितले.’ विद्यार्थ्याचा चेहरा पडतो. एवढंच? एवढंच. पण हे वाक्य कुणी हलवू शकत नाही. आधीच्या वाक्याला कुणीही बोट लावलं की ते कोसळलं असतं. आणि गंमत अशी की दावा लहान केला की पुढचा प्रश्न आपोआप समोर येतो: तास अंदाजाने सांगण्याऐवजी फोननेच नोंदवलेले घेतले तर? लक्ष लागतं का हे विचारण्याऐवजी एखादं काम देऊन मोजलं तर? मोठ्या दाव्यात हे प्रश्न दिसत नव्हते, कारण तिथे सगळं सिद्ध होऊन बसलं होतं.

इथे उलट टोकाला जाणारेही भेटतात. एकदा आक्षेपांची भीती बसली की प्रत्येक वाक्यात ‘कदाचित’, ‘काही अंशी’, ‘असू शकण्याची शक्यता नाकारता येत नाही’. चार वेळा माघार घेणारं वाक्य वाचून परीक्षकाला एवढंच कळतं की लेखकाचा स्वतःच्या आकड्यांवर विश्वास नाही. जिथे पुरावा भक्कम आहे तिथे सरळ विधान करावं. कुठे किती जोर द्यायचा हे नियमांनी शिकवता येत नाही. दुसऱ्याची वाक्यं तोडून पाहिली आणि स्वतःची तुटताना पाहिली की ते जमत जातं.

‘आम्ही’ की ‘मी’ यावरूनही बराच खल होतो, तो मला काहीसा फुकटचा वाटतो. पण त्यावरून एक किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९७५ मध्ये जॅक हेदरिंग्टन या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने एक पेपर टाइप केला, सगळीकडे ‘आम्ही’ लिहून. एका सहकाऱ्याने दाखवून दिलं की लेखक एकटाच असेल तर ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’ या जर्नलला ‘आम्ही’ चालत नाही. टाइपरायटरचा जमाना, सगळा पेपर पुन्हा टाइप करायचा म्हणजे शिक्षाच. त्यांनी घरच्या चेस्टर नावाच्या सयामी मांजराला सहलेखक केलं. नाव दिलं एफ. डी. सी. विलर्ड. पेपर छापून आला, आजही तो त्याच दोन नावांनी नोंदलेला आहे.

मांजराचं हसून सोडून देता येतं. माणसांचं नाही. सहलेखक कोण, नावांचा क्रम काय, हा पहिल्या पेपरातला सगळ्यात नाजूक भाग असतो आणि त्यावर सगळ्यात कमी बोललं जातं. वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखक कुणाला म्हणावं याच्या चार अटी घातल्या आहेत. कामात भरीव वाटा हवा, मजकूर लिहिण्यात किंवा कसून तपासण्यात भाग हवा, अंतिम प्रतीला मान्यता हवी, आणि उद्या कुणी प्रश्न विचारला तर उत्तर देण्याची जबाबदारी घेण्याची तयारी हवी. चारही एकत्र हव्यात. विभागप्रमुख असणं, यंत्र वापरायला देणं, निधी मिळवणं एवढ्याने माणूस लेखक होत नाही. त्याचे आभार मानावेत. दुसरीकडे, २०१५ मध्ये हिग्ज या मूलकणाच्या वस्तुमानावर आलेल्या पेपराला पाच हजारांवर लेखक होते, आणि एवढ्या मोठ्या यंत्रणेत ते गैरही नव्हतं. आता कित्येक जर्नलं प्रत्येकाने नेमकं काय केलं ते चौदा ठरलेल्या भूमिकांमध्ये लिहून मागतात. संकल्पना कुणाची, आकडेवारी कुणाची, पहिला मसुदा कुणाचा. विद्यार्थ्याला माझं एकच सांगणं असतं, की हा तक्ता पेपर पाठवताना भरू नकोस, काम सुरू होताना गाइडच्या समोर बसून पेन्सिलीने भर. नंतर बोलायला जीभ रेटत नाही, आणि ज्याच्या हातात शिफारसपत्र आहे त्याच्याशी वाद कोण घालणार?

मग पेपर जातो, एका वेळी एकाच जर्नलकडे. दोन ठिकाणी एकदम टाकणं हा गुन्हाच मानला जातो, कारण दोन्हीकडे परीक्षक फुकट वेळ देत असतात. कधी चार दिवसांत संपादकाच्या टेबलावरूनच परत येतो: आमच्या विषयकक्षेत बसत नाही. पुष्कळदा ते अक्षरशः खरं असतं, विद्यार्थ्याने त्या जर्नलचे अलीकडचे अंक उघडूनसुद्धा पाहिलेले नसतात. नाहीतर महिनोन्‌महिने शांतता, आणि मग एक दिवस पत्र. मोठे बदल सुचवले आहेत. परीक्षक क्रमांक एकचे आठ मुद्दे, परीक्षक क्रमांक दोनचे बावीस.

दुसरा परीक्षक हा संशोधकांच्या विनोदातला खलनायक आहे, सगळ्या देशांत, सगळ्या विषयांत. तो का चिडलेला असतो याच्यावर चहापानात बऱ्याच कहाण्या रंगतात. पण पत्र पहिल्यांदा आलेल्या विद्यार्थ्याला विनोद सुचत नाही. ‘मोठे बदल’ म्हणजे नकारच असं समजून फाईल बंद करून ठेवणारे विद्यार्थी मी पाहिलेत. कुणीतरी सांगावं लागतं की हे पत्र चांगलं आहे. संपादकाला रस नसता तर एवढं लिहून पाठवलंच नसतं.

पत्र आलं की त्या दिवशी उत्तर लिहायचं नाही. दुसऱ्या दिवशी प्रत्येक मुद्दा वेगळा काढायचा आणि तीन ढीग करायचे. एक, परीक्षकाचं बरोबर आहे. दोन, परीक्षकाचं चुकलंय. तीन, परीक्षकाला समजलंच नाही. विद्यार्थ्याच्या मते तिसरा ढीग सगळ्यात मोठा असतो आणि तो रागाने म्हणतो, ‘हे पान चारवर लिहिलंय की! वाचलंच नाही त्यांनी.’ मी पान चार उघडायला लावते. लिहिलेलं असतं, पण परिच्छेदाच्या पोटात, चौथ्या ओळीत, एका अर्धवाक्यात. विषय जाणणाऱ्या माणसाला, फुकट वेळ देऊन वाचताना, ते दिसलं नाही. मग इतर कुणाला दिसेल? तिसरा ढीग बघता बघता पहिल्यात जमा होतो.

परीक्षक चुकतातही. तेव्हा नमतं घ्यायचं कारण नाही, फक्त उत्तर पुराव्याने द्यायचं. उत्तराच्या पत्राची रीत ठरलेली आहे. त्यांचा मुद्दा जसाच्या तसा, खाली आपलं उत्तर, खाली बदललेला मजकूर आणि ओळ क्रमांक. ‘सुचवल्याप्रमाणे बदल केला आहे’ एवढंच लिहून ठेवलं की संपादकाला शोधत बसावं लागतं. आणि बदल केला नसेल तर का नाही केला, ते सांगायचं. हे पत्र कित्येकदा मूळ पेपराहून चांगलं लिहिलेलं असतं. कारण साधं आहे, इथे विद्यार्थ्याला कळलेलं असतं की आपण कुणाशी बोलतोय आणि त्याची शंका काय आहे. सृष्टीच्या आरंभापासून सुरुवात करण्याची गरजच उरत नाही.

मोठ्यांनाही हे पत्र पचत नाही, याचा दाखला आइन्स्टाइनचा. १९३६ मध्ये त्यांनी नेथन रोझेनबरोबर एक निबंध ‘फिजिकल रिव्ह्यू’ला पाठवला. गुरुत्वीय लहरी अस्तित्वातच नाहीत, असा त्यातला निष्कर्ष होता. संपादकांनी तो परीक्षणाला दिला, परीक्षकाने चांगला दहा पानी अहवाल लिहून चूक दाखवली. आइन्स्टाइन भडकले. छापण्याआधी तज्ज्ञांना दाखवायची परवानगी आम्ही दिली नव्हती, असं कळवून त्यांनी निबंध मागे घेतला. तो पुढच्या वर्षी दुसऱ्या जर्नलमध्ये आला, पण निष्कर्ष फिरलेला होता. मधल्या काळात चूक त्यांच्या लक्षात आली होती. परीक्षक होते हॉवर्ड रॉबर्टसन, हे जर्नलच्या जुन्या नोंदवहीवरून २००५ मध्ये पक्कं झालं. शंभर वर्षांनी, २०१५ मध्ये, त्या लहरी प्रत्यक्ष टिपल्या गेल्या, असं लिहायचा मोह होतो. पण शंभर वर्षं मोजायची ती आइन्स्टाइनच्या १९१५ च्या सापेक्षता सिद्धांतापासून, या भांडणापासून नव्हे. दाव्याबद्दल वर एवढं बोलल्यावर आता हिशेब नीटच ठेवलेला बरा.

भौतिकशास्त्रज्ञ पीटर हिग्ज यांचं उलट झालं. १९६४ मध्ये त्यांचा एक छोटा पेपर ‘फिजिक्स लेटर्स’ने नाकारला. त्यांनी त्याच्यात भर घातली, आपल्या सिद्धांतातून एक नवा जड कण असायला हवा हे स्पष्ट लिहिलं, आणि पेपर ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’ला पाठवला. तिथे परीक्षक होते भौतिकशास्त्रज्ञ योइचिरो नांबू. पेपर छापला गेला. ज्या कणाला पुढे हिग्ज यांचं नाव मिळालं, तो कण नाकारल्या गेलेल्या प्रतीत नव्हता. २०१३ चं नोबेल देताना लोकांनी वाचला तो छापलेला पेपर. ती आधीची प्रत आणि ते नकाराचं पत्र पहिला पेपर लिहिणाऱ्या मुलांनी वाचायला हवं होतं.

असं वाचायला आता मिळतं, ही माझ्या मते गेल्या काही वर्षांतली या क्षेत्रातली सगळ्यात चांगली घटना आहे, आणि आश्चर्य म्हणजे फार थोड्या विद्यार्थ्यांना ते माहीत असतं. जीवशास्त्रातलं ‘एम्बो जर्नल’ २००९ पासून छापलेल्या पेपरांसोबत परीक्षकांचे अहवाल आणि लेखकांची उत्तरं प्रसिद्ध करतं. ‘ईलाइफ’ने सुरुवातीपासून ती वाट धरली. ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये ही सोय २०१६ मध्ये आली, आणि ‘नेचर’ने तर २०२५ मध्ये जाहीर केलं की यापुढे येणाऱ्या सगळ्या संशोधन निबंधांसाठी हा पत्रव्यवहार खुला असेल. त्याच ‘नेचर’ने १९५३ मध्ये डीएनएच्या रचनेवरचा वॉटसन आणि क्रिक यांचा जेमतेम पानभर मजकूर बाहेरच्या परीक्षकाला न दाखवताच छापला होता. दुसरीकडे ‘आर्काइव्ह’ (arXiv) हे पूर्वप्रकाशनांचं, म्हणजे जर्नलमध्ये छापण्याआधीच खुल्या केलेल्या निबंधांचं, भांडार १९९१ पासून चालू आहे; तिथे लेखकाने प्रत बदलली तरी जुनी पुसली जात नाही. पहिली आणि तिसरी प्रत शेजारी उघडा आणि काय गळलं, काय आलं, कुठला ‘सिद्ध झाले’ जाऊन ‘दिसते’ झाला, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. मी विद्यार्थ्याला आपल्या विषयातली अशी एक फाईल आधी वाचायला सांगते. पेपर बाजूला ठेवून, फक्त पत्रं. नावाजलेल्या लोकांनाही ‘हा आलेख मला समजला नाही’ असं ऐकावं लागतं आणि ते गुमान नवा आलेख काढतात, हे बघितलं की छातीवरचं ओझं बरंच उतरतं.

ज्यांना हा पत्रव्यवहार नको असतो त्यांच्यासाठी दुकानं उघडी आहेतच. आठवड्यात स्वीकृती, परीक्षण नावापुरतं, पैसे भरले की नाव छापून. ईमेलमध्ये ‘आदरणीय विद्वान’ अशी सुरुवात असते आणि विषय कुठलाही चालतो. पेपरांच्या आकड्यांच्या मागे लागलेल्या व्यवस्थेने हे दुकान चालवलंय, हे मान्य करूनही मला वाटतं की नुकसान विद्यार्थ्याचं होतं. त्याला पेपर मिळतो आणि परीक्षक मिळत नाही. २०२३ या एका वर्षात जगभरात दहा हजारांहून अधिक पेपर छापून आल्यानंतर मागे घेतले गेले, त्यातले आठ हजारांवर हिंदावी या एकाच प्रकाशनसमूहाचे होते. कुठे पाठवायचं याची खात्री करायला फार काही लागत नाही. संपादक मंडळातली माणसं खरी आहेत का, तुम्ही ज्यांचे पेपर वाचता ते लोक इथे लिहितात का, शुल्क आधी सांगितलंय का. इम्पॅक्ट फॅक्टरकडे, म्हणजे जर्नलमधल्या पेपरांचा इतर लेखक सरासरी किती वेळा संदर्भ देतात त्या आकड्याकडे, शेवटी बघा. तो जर्नलचा आकडा आहे, तुमच्या पेपराचा नव्हे.

आणि आता कृत्रिम बुद्धिमत्तेची, लिहून देणारी यंत्रंही आली. प्रकाशनातल्या नीतिनियमांचा विचार करणाऱ्या ‘कोप’ या संस्थेने २०२३ मध्येच सांगून टाकलं की अशा साधनाला लेखक म्हणता येणार नाही, कारण ते जबाबदारी घेऊ शकत नाही. भाषा घासूनपुसून घ्यायला वापरलं, तसं उघड सांगितलं, तर माझी ना नाही. परक्या भाषेत लिहावं लागणाऱ्यांना तो आधार आहे. माझी अडचण वेगळी आहे. या यंत्रांनी जे गिळलंय त्यातही मुख्यतः छापून आलेलाच मजकूर. म्हणजे विद्यार्थ्याच्या दुखण्यावर औषध म्हणून आपण तेच दुखणं जास्त सफाईने वाढून घेतो. सृष्टीच्या आरंभापासूनची प्रस्तावना आता व्याकरणाच्या एकाही चुकीशिवाय येते, आणि खोटे संदर्भही नीट मांडून येतात.

त्यावर मला एकच उपाय सापडलाय. लिहिण्याआधी परीक्षण करायला लावायचं. खऱ्या जर्नलकडून गाइडला परीक्षणाला आलेला पेपर परस्पर विद्यार्थ्याच्या हातात देणं बरोबर नाही. तो गोपनीय असतो, संपादकाला विचारावं लागतं आणि विद्यार्थ्याचं नावही कळवावं लागतं. पण पूर्वप्रकाशनं सगळ्यांना खुली असतात. त्यातलं एक घ्यायचं, जर्नलचा फॉर्म भरतात तसा भरायचा. वर लेखकांसाठी रकाना, खाली फक्त संपादकांसाठी.

मागे एका विद्यार्थिनीने असा फॉर्म आणून दाखवला. लेखकांच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘निबंध अभ्यासपूर्ण असून विषयाची मांडणी उत्तम आहे. काही ठिकाणी अधिक स्पष्टता आवश्यक.’ संपादकांच्या रकान्यात: ‘तक्ता ३ मधली संख्या ९८ आहे, पद्धतीत १२० म्हटलंय. बावीस जण कुठे गेले ते कुठेच सांगितलेलं नाही. मला शंका आहे की उत्तरं मनासारखी न आलेल्यांना वगळलंय.’

मी विचारलं, लेखकांच्या जागी तू असतीस तर यातलं काय वाचायला आवडलं असतं?

‘वरचं,’ ती म्हणाली. मग थोडं थांबून, ‘उपयोग खालच्याचा झाला असता.’

तिने फॉर्म परत घेतला. वरचा मजकूर काढून टाकला, खालच्यातली पहिली दोन वाक्यं वर आणली. शंकेचं वाक्य हातात धरून बराच वेळ बसली. आकडे न जुळणं हे तिने पाहिलं होतं. मनासारखं न आलेल्यांना वगळणं तिने पाहिलेलं नव्हतं. शेवटी लिहिलं, ‘वगळलेल्या सहभागींची संख्या आणि वगळण्याचे निकष कृपया द्यावेत.’ मग दप्तरातून स्वतःचा मसुदा काढला आणि त्यातली संख्या पद्धतीत किती आणि तक्त्यात किती, ते मोजायला लागली.